तळाची नीळ

त्याने मला फसवलं, आणि माझ्या तोंडून समोसेवाल्या खालाला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्याचे किस्से वाचताना कोणाला त्याचा लळा लागू नये. लोकांना लागतो. यवतमाळात अजूनही त्याचा विषय निघाला की चहाच्या टपरीवर माणसं हसायला लागतात, "काय अवली मानूस हाय, बाप्पा!" म्हणतात. अवली आहे, हे खरं. आणि अवली माणसाकडे कोणी हिशेब मागत नाही, हे त्याला फार लवकर कळलं होतं.

त्याच्या सदऱ्याची डावी बाही मनगटाशी बटण लावून बंद असायची आणि उजवी थेट खांद्यापर्यंत गुंडाळलेली. बारा महिने असंच. लग्नात तसाच, मयतीत तसाच, डिसेंबरच्या थंडीत स्वेटर घातला तर स्वेटरचीही उजवी बाही वर. डावा हात कधी उन्हात निघाला नाही म्हणून गोरा, आणि उजवा तव्यासारखा काळा. दोन वेगळ्या माणसांचे हात एकाच धडाला जोडल्यासारखे दिसायचे. कोणी विचारलं तर उजवा हात उंच करून सांगायचा, "हा हात सरकारी हाय."

सरकारी होता तोही. सरकारच्या कापूस खरेदी केंद्रावर तो ग्रेडर होता. गाडी फाटकात आली की तो वरचा कापूस बघायचाही नाही. सरळ हात आत खुपसायचा, खांदा टेकेपर्यंत, आणि तळातून मूठभर कापूस ओढून काढायचा. वर पांढराशुभ्र माल आणि खाली पाणी मारलेला, कवडी म्हणजे किडका, डागी कापूस मिसळलेला, असं काही असलं की त्याच्या मुठीत ते यायचंच. मग ती मूठ गाडीवाल्याच्या नाकाखाली धरायची आणि म्हणायचं, "वरचा कापूस तुमचा, तळचा माहा." माणसं हात जोडायची. त्याने एकही गाडी तळ न बघता सोडली नाही, अशी त्याची ख्याती होती. मी तेव्हा शेजारच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठींना तार आवळायचं काम करायचो. भिंतीवरून त्याचा तो हात दिसायचा. मला त्याचा धाक वाटायचा आणि खरं सांगायचं तर आदरही वाटायचा. हे वाक्य लिहिताना आज माझे दात आवळले जातात.

मग कापसाचे ते वाईट दिवस आले. भाव पडला, खरेदी केंद्रं एकेक करून उघडेनाशी झाली, जिनिंगला कुलूप लागलं. मी रस्त्यावर आलो आणि तो घरी बसला. माझ्याकडे शिक्षण नव्हतं, ओळख नव्हती. एक सायकल होती, आणि जिनिंगच्या मालकाने जाताना दिलेलं गाठींच्या तारेचं भेंडोळं.

जळक्या तेलाचा धंदा मी स्वतः शोधला. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत ओळीने हॉटेलं आणि खानावळी. समोसे, आलूबोंडे, भजे दिवसभर कढईत. चार-पाच दिवसांनी ते तेल काळं पडतं, फेसाळतं, त्याचं करायचं काय हे कोणालाच माहीत नव्हतं. कोणी नालीत ओतायचं. नालीत ते गोठतं, चेंबरमध्ये त्याचा चरबीसारखा थर बसतो, आणि मग खरकटं पाणी उलटं येऊन मोरीतून घरात घुसतं. कोणी ते गाडीवरच्या भजेवाल्याला स्वस्तात विकायचं, म्हणजे तेच जळकं तेल पुन्हा माणसाच्या पोटात. मी लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक साबणाचा कारखाना शोधून काढला. तिथे असलं तेल साबणाला चालायचं. मग हॉटेलवाल्यांशी सौदा केला. तेल मला द्या, बदल्यात तुमचं चेंबर मी साफ करून देतो, स्वतःच्या हाताने. हा सौदा नाकारायला खालाखेरीज कोणाचं डोकं चाललं नाही. सौद्यात मला आजवर कोणी हरवलेलं नाही. एक सोडून.

पंधरा किलोच्या तेलाच्या रिकाम्या पिप्यांना मी त्या गाठीच्या तारेची मूठ करायचो. तीन पीळ देऊन, टोक आत वळवून. तशी मूठ जिल्ह्यात दुसऱ्या कोणाच्या पिप्याला नव्हती.

पहिल्याच खेपेला कारखान्याच्या फाटकातून आवाज आला, "ओ गाडीवाले! उभे राहा!" मी सायकलवर. वळून पाहिलं तर तोच, उजवी बाही खांद्यावर. कारखान्याच्या शेठने त्याला तेल पारखायला ठेवलं होतं.

तो सगळ्यांनाच गाडीवाले म्हणायचा. मला, शेठला, डाक्तरला, पोस्टमनला. शेठची मोटार होती म्हणून शेठला ते खपून जायचं.

तेल तपासायची त्याची पद्धत बघायला माणसं उभी राहायची. एक थेंब अंगठा आणि बोटात घ्यायचा, उजेडाकडे हात करायचा आणि बोटं हळूहळू दूर न्यायची. जास्त जळालेलं तेल चिकट होतं, त्याची तार निघते. "कापसाचा धागा लांब पाह्यजे," तो म्हणायचा, "अन् तेलाचा आखूड. अन् मानसाचा?" मग सगळ्यांकडे आळीपाळीने बघायचा. उत्तर कोणाला यायचं नाही. त्यालाही यायचं नाही. पण तो असा काही हसायचा की आपणच अडाणी ठरायचो.

नीळ ही त्याचीच कल्पना. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाला, "गाडीवाले, तुमी हॉटेलवाल्याले काय सांगता? तेल साबनात जाते म्हून. पन त्यानं इश्वास काहून ठेवाचा? तेलाले मरन द्या. त्याच्या डोयासमोर मारा. मेलेलं तेल पुन्हा कढईत चढत नाई."

कपड्याला लावतात ती नीळ. पिप्यात एक पुडी टाकायची आणि काठीने एकवीस फेरे द्यायचे, मोजून, मालकाच्या समोर. पहिल्या दिवशी तो स्वतः माझ्याबरोबर गल्लीत आला. तेल आधीच काळपट, नीळ पडली की शाईसारखं दिसायला लागायचं. हॉटेलवाले बघतच राहिले. तो काठी थांबवून म्हणायचा, "मेलं. आता हे भुतासारखं बी परत येत नाई."

माझी अक्कल कुठे चालली ते ऐका. निळीच्या पुड्या कोणी आणायच्या यावर मी त्याच्याशी तीन दिवस भांडलो. टेबलावर हात आपटले, दोनदा उठून निघून आलो, आणि शेवटी पुड्या कारखान्याने द्याव्यात हे कबूल करून घेतलं. घरी येऊन बायकोला ऐटीत सांगितलं. निळीची पुडी कोण देणार हे मी जिंकलं, आणि नीळ तेलात काय करते हे विचारायचं राहिलं.

कारखान्यात पिपे गेले की तो धागा बघून त्यांचे दोन भाग करायचा. लांब धाग्याचे भट्टीकडे. आखूड धाग्याचे, म्हणजे बऱ्या तेलाचे, मागच्या ओट्यावर सावलीत. ते तिथे दुसऱ्या सकाळपर्यंत बसू द्यायचे. "निवू द्या," म्हणायचा. त्या ओट्याजवळ कोणी धप्पकन पाऊल टाकलं की अंगावर यायचा. "हलवू नका! झोपलं हाय ते!" स्वतः तर चपला काढून, चवड्यावर चालत जायचा. कारखान्यातली माणसं त्याची नक्कल करायची. मीही केली आहे. बायकोसमोर, चवड्यावर चालून, तोंडावर बोट ठेवून. ती पोट धरून हसली होती.

त्याचं जेवण म्हणजे आणखी एक तमाशा. घरून पितळी डबा यायचा, त्यात भाकर, घट्ट चून म्हणजे पिठलं, आणि कांदा. बाहेरचं तळलेलं तोंडात घ्यायचा नाही. गल्लीतले हॉटेलवाले प्रेमाने गरम समोसा पुढे करायचे, तर हात जोडायचा. लग्नाच्या पंगतीत पापडसुद्धा भाजलेला मागायचा. "साधा मानूस हाय," लोक म्हणायचे. मीही म्हणायचो. बाजारातल्या कढईत काय पडतं हे ज्याला ठाऊक असेल तो माणूस दुसरं काय खाईल, हा विचार माझ्या डोक्यात चार वर्षांत एकदाही आला नाही.

आता खाला. सगळी गल्ली तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. त्या गल्लीतली सगळ्यात जुनी भट्टी तिची. नवरा गेल्यावर तिने एकटीने चालवली. तिच्या समोशासाठी कोर्टातले वकील चालत यायचे. तेल देणारी ती शेवटची. बाकी सगळ्यांनी दिलं, ती सहा महिने अडून बसली. रोज विचारायची, "क्यूं रे, मेरा तेल किधर जाता, सच्ची बोल."

"साबनात जाते, खाला."

"तेरे कू कैसे मालूम? तू देखा?"

"भट्टीत जाताना पाह्यलं."

"सारा?"

तिथे मी पुढच्या दाराकडे सायकल ढकलायचो. मग नीळ आली. तिच्यासमोर मी एकवीस फेरे दिले. तिने वाकून पिप्यात पाहिलं, पदराने तोंड झाकलं आणि म्हणाली, "देख, मेरी कढई का तेल किसी गरीब के पेट में गया तो हिसाब मेरे कू देना पडेगा, ऊपर. मैं तेरी ज़बान पे दे रई."

मी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "माही जबान."

सायकलचा मग सेकंडहँड टेंपो झाला. धंदा वाढवायचा म्हणून मी महागावला गेलो, तिथून पुढे ढाणकीला. बाजाराचा दिवस होता. एका भजेवाल्याच्या गाडीवर बरीच गर्दी दिसली. हा रोज चांगलं तेल जाळत असणार, असा हिशेब करून मी त्याला विचारलं, "भाऊ, जळकं तेल उरते का तुमच्यापाशी? मी नेतो."

तो मोठ्याने हसला. "आमच्यापाशी जळकं कायले उरंल? आमी जळकंच घेतो!"

आणि गाडीच्या खाली त्याने पायाने सरकवलेला रिकामा पिपा मला दिसला. तारेची मूठ. तीन पीळ, टोक आत वळवलेलं.

मी खाली बसलो आणि पिपा उलटा करून पाहिला. तळाला निळा चिखल थापला होता, बोटभर जाड. अख्खी पुडी जशी टाकली तशी खाली बसलेली.

"ही नीळ?"

"ते असतेच तळाले," तो भजे झाऱ्यावर घेत म्हणाला. "लोहाऱ्याहून येते माल. हलवाचा नाई, वरचं वरचं अलगद घ्याचं. स्वच्छ निंगते. खालची नीळ बायको नेते, कपड्याले."

समोर बाकावर एक म्हातारा आणि त्याची सून भजे खात होती. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. त्या कढईत खालाचं तेल नव्हतं, असं मला कोण सांगणार होतं?

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती या वेळी हसली नाही. म्हणाली, "नीळ तेलात कवा इरघळते का? पान्यात बी खालीच बसते. म्हून तं ढवळत ढवळत कपडा बुडवा लागते. मले इचारलं असतं तं एका मिनिटात सांगतलं असतं." चार वर्षं मी हा कारभार केला आणि ज्या बाईने माझे सदरे निळीत बुडवले तिला विचारलं नाही. तेवढी चूक माझी. ती मी नाकारत नाही. पण माझी चूक आणि त्याचं काम यात फरक आहे.

तो पिपा मी भजेवाल्याला पैसे देऊन आणला होता; दुसऱ्या दिवशी कारखान्यात ग्रेडरच्या टेबलावर आपटला. शेठ समोर बसला होता.

"तळ पाहा," मी म्हटलं.

त्याने पाहिला नाही. बोटातला थेंब उजेडाकडे धरून होता. "गाडीवाले, पिपा कोनाचा?"

"माहा."

"तारेची मूठ?"

"माही. पन..."

"नीळ कोन टाकली?"

"तुमी टाकाले लावली!"

"मी ईचारलं, टाकली कोन?" मग त्याने थेंब सदऱ्याला पुसला, बरोब्बर डाव्या बाहीला. "पिपा तुमचा, हात तुमचा. मी तं फक्त धागा पाह्यतो."

माझा हात उठला होता. शेठ मध्ये पडला. आणि मी संतापाने फाटकाबाहेर पडेपर्यंत शेठचा फोन गल्लीत पोचला होता. आपला तेलवाला मधल्यामध्ये भजेवाल्यांना माल विकतो, आम्ही त्याला काढून टाकलं, असं त्याने सांगितलं. पुरावा काय? तारेची मूठ. माझ्याच हातची.

दोन दिवसांत गल्लीची दारं बंद झाली. ज्यांची चेंबरं मी कोपरापर्यंत हात घालून साफ केली ते माझ्याशी उभं राहून बोलेनात. खालाने बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, नीळ, ओटा, चवड्यावर चालणं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"तू सच बोल रा, मेरे कू लगता," ती म्हणाली. "पर पहले भी सच्चीच लगा था. जिसने किया उसके मूँ से जवाब ला. फिर पिपा ले जा."

पुढच्या पावसाळ्यात गल्लीने पुन्हा नालीत तेल ओतायला सुरुवात केली आणि बसस्टँडमागचं मोठं चेंबर तुंबलं. वर चरबीचा असा थर की त्यावर काठी उभी राहायची. त्यात उतरायला मलाच बोलावलं, कारण दुसरं कोणी उतरेना. आणि वर रस्त्यावर, छत्री धरून, मार्गदर्शन करायला कोण? तोच. उजवी बाही वर.

"तळातून काढा, गाडीवाले," तो वरून म्हणाला. "वरवर काढून होत नाई."

मी छातीइतक्या घाणीत उभा होतो. म्हटलं, "साहेब, तुमची बाही वरच हाय. या न खाली."

लोक हसले. तोही हसला. आला नाही. त्या दिवशी पावसात त्याचा तो काळा हात मी नीट निरखून पाहिला. कोरडा होता. खरेदी केंद्र बंद झाल्यापासून तो हात कशातच बुडाला नव्हता, नुसता वर गुंडाळून फिरवला जात होता.

नंतर एका व्यापारी मंडळाने त्याला शाल दिली. विषय होता खानावळींची स्वच्छता. शाल त्याने डाव्या खांद्यावर घेतली, उजवा हात मोकळा ठेवला आणि निळीची गोष्ट सांगितली. "तेलाले मरन द्या," म्हणाला. टाळ्या पडल्या. मी मागून उभा राहिलो, विचारू लागलो, तर शेजारच्याने सदरा धरून खाली बसवलं. "राहू दे, अवली मानूस हाय तो."

हेच ते. अवली.

आता गल्लीत तेल न्यायला दुसऱ्या गावाची गाडी येते, सील लावलेले ड्रम घेऊन. माझं ठीक चाललं आहे, मी दुसऱ्या धंद्यात उभा राहिलो, कोणापुढे हात पसरला नाही. खाला थकली आहे, पण सकाळी भट्टीसमोर बसतेच. मी गेलो की चहा देते. जाताना दर वेळी विचारते, "जवाब लाया?"

ग्रेडर साहेब, तुम्ही रोज सकाळी वाचनालयात भिंग घेऊन बसता, पान न पान वाचता, हे मला माहीत आहे. म्हणून इथे, छापील पानावर विचारतो. गरीब गाडीवाल्याच्या कापसाचा तळ तुम्ही एकदाही सोडला नाही. मग माझ्या पिप्यांचा तळ चार वर्षांत एकदाही का पाहिला नाही? तिथे काय आहे हे माहीत नव्हतं म्हणून, की माहीत होतं म्हणून? नसेल माहीत, तर ओट्यावर चवड्यावर का चालत होता?

मला उत्तर देऊ नका. बसस्टँडमागच्या गल्लीत या, तिसरं दार, आणि खालाच्या समोर उभं राहून तिला द्या. ढाणकीचा तो पिपा मी आणून ठेवतो. धुतलेला नाही. बाही तुमची वर आहेच. हात घाला आणि तळचं काढून दाखवा.